मित्राला लॉगिन दिलं, त्याने शेकडो पेपर उतरवले; आता खुलासा काय लिहू?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एका राज्य विद्यापीठात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, वसतिगृहात राहता. दुसऱ्या गावातल्या खासगी कॉलेजात शिकणाऱ्या मित्राला प्रोजेक्टसाठी पेपर हवे होते, म्हणून तुम्ही त्याला तुमचं विद्यापीठाचं लॉगिन दिलं. त्याने एकेक पेपर शोधण्याऐवजी स्क्रिप्ट (आपोआप डाउनलोड करणारा छोटा प्रोग्राम) लावली आणि झोपला. रात्रीत एका प्रकाशकाचे शेकडो लेख उतरले, प्रकाशकाने अख्ख्या विद्यापीठाचा ॲक्सेस बंद केला, आणि आता तुमचं लॉगिन गोठवून संगणक केंद्राने पत्र दिलंय : तीन दिवसांत लेखी खुलासा करा. तुम्ही विचारता, पोलीस केस होईल का, ही मंडळी आमचं नेमकं काय काय बघतात, व्हीपीएन (दुसऱ्या नेटवर्कमार्गे इंटरनेटवर जायची सोय) वापरणं गुन्हा आहे का, आणि हॉस्टेलमध्ये सगळेच काही ना काही करत असताना मलाच का धरलं. नियम मोघम आहेत, अशीही तुमची तक्रार आहे.

मी एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात बरीच वर्षं नेटवर्क सांभाळतोय. म्हणजे तुम्हाला आलंय तसली पत्रं तयार करणाऱ्यांपैकीच एक. उत्तर त्या खुर्चीतून आलंय हे लक्षात ठेवून वाचा. मी वकील नाही. कायद्याची कलमं कामापुरती माहीत आहेत.

काही गोष्टी तुमच्या विद्यापीठावर अवलंबून आहेत, त्या आधी बाजूला काढू. वायफायचं लॉगिन घेताना तुम्ही कुठल्या तरी हमीपत्रावर सही केली असणार, किंवा 'मला मान्य आहे' या चौकटीत टिचकी मारली असणार. त्याचा मजकूर सगळीकडे सारखा नसतो. त्याची प्रत मागून घ्या आणि खुलासा लिहायच्या आधी वाचा. दोन वाक्यं शोधा. लॉगिन दुसऱ्याला देण्याबद्दल काय म्हटलंय, आणि शिक्षा ठरवायचा अधिकार कोणाकडे आहे. साधारणपणे संगणक केंद्र लॉगिन तात्पुरतं बंद करू शकतं. वसतिगृहातून काढणं, परीक्षेला बसू न देणं वगैरे आमच्या हातात नसतं. ते शिस्तपालन समितीकडे जातं आणि तिथे तुमची बाजू ऐकून घ्यावी लागते. व्यवस्थापन परिषदेने मंजूर केलेलं धोरण आहे की कोणा अधिकाऱ्याने काढलेलं नुसतं परिपत्रक, यानेही फरक पडतो.

आता मुद्द्याकडे. तुमच्या प्रश्नात तुम्ही तीनदा लिहिलंय की पेपर अभ्यासासाठीच होते, कोणी विकले नाहीत, कोणाचं नुकसान केलं नाही. हे खरं असेल, पण तुमचा बचाव तुम्ही चुकीच्या जागी उभा केलाय. काय उतरवलं हा आमच्यासाठी दुसऱ्या नंबरचा प्रश्न असतो. पहिला प्रश्न : त्या लॉगिनमागे त्या वेळी कोण बसलं होतं?

हे असं का, ते समजायला विद्यापीठ बाहेरून कसं दिसतं ते बघा. आत हजारो मोबाइल आणि लॅपटॉप असतात, प्रत्येकाला खासगी आयपी पत्ता (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) मिळतो, पण बाहेर पडताना ते सगळे विद्यापीठाच्या मोजक्याच सार्वजनिक पत्त्यांच्या मागे झाकले जातात. प्रकाशकाला तुमचं नाव ठाऊक नसतं, त्याला फक्त विद्यापीठ ठाऊक असतं. सरकारी संस्थांना संशोधन नियतकालिकं एकत्रित वर्गणीने पुरवणारी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना घ्या. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली, १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, आणि ६,३०० च्या आसपास सरकारी संस्था. या साऱ्या व्यवहाराचा पाया एकच : अमुक संस्थेच्या दारातून जो येतो तो त्या संस्थेचाच माणूस आहे, ही संस्थेने घेतलेली जबाबदारी. तुमच्या मित्राचं खासगी कॉलेज या योजनेच्या पहिल्या टप्प्यात नाही, आणि त्याची अडचण खरी आहे हे मी मान्य करतो. एकाच बोर्डातून बारावी झालेली दोन मुलं, एकाला हजारो नियतकालिकं मोफत आणि दुसऱ्याला एका पेपरचे तीन-चार हजार रुपये, हे काही न्याय्य नाही. पण ती दरी तुमच्या पासवर्डने बुजवायची नव्हती. एसटीचा सवलतीचा पास मित्राला दिला आणि कंडक्टरने पकडलं तर पास कोणाचा जप्त होतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

प्रकाशकांच्या यंत्रणा डाउनलोडचा वेग मोजत असतात. माणूस पेपर उघडतो, सारांश वाचतो, मग पीडीएफ घेतो. स्क्रिप्ट एका अंकातला पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक लेख दर काही सेकंदांनी उचलते. हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. ओळखलं की आधी दार बंद होतं आणि मग ग्रंथपालांना मेल येतो : अमुक पत्त्यावरून, अमुक वेळेत, इतके लेख उतरले, चौकशी करून कळवा. ग्रंथपाल तो मेल आमच्याकडे ढकलतात.

तुमच्या बाबतीत अख्ख्या विद्यापीठाचा ॲक्सेस गेला, यावरून मी एक अंदाज बांधतो. घरबसल्या नियतकालिकं वाचायचे साधारण दोन रस्ते असतात. एक इन्फ्लिबनेटच्या (विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या) इन्फेड या लॉगिन-सेवेसारखा, जिथे प्रकाशकाच्या साइटवर संस्था निवडून लॉगिन करायचं. तिथे प्रकाशकाला प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी खूण दिसते, त्यामुळे एकट्याला अडवणं शक्य असतं. दुसरा रस्ता विद्यापीठाच्या स्वतःच्या व्हीपीएनचा किंवा प्रॉक्सीचा. त्यात तुमचा मित्र आधी विद्यापीठात 'येतो' आणि मग विद्यापीठाच्या पत्त्यावरून प्रकाशकाकडे जातो. असं झालं की प्रकाशकाकडे विद्यापीठाचा पत्ता बंद करण्याखेरीज इलाज नसतो. तुमच्याकडे बहुधा हाच रस्ता वापरला गेला. त्या एका रात्रीसाठी कोणाचा तरी पीएच.डी.चा प्रबंध अडकला असेल, कोणाचं रिव्ह्यूचं उत्तर राहिलं असेल. 'कोणाचं नुकसान केलं नाही' हे वाक्य खुलाशातून काढून टाका, ते ग्रंथपालांना फार झोंबतं.

पण याच अंदाजात तुमच्या सोयीची एक गोष्ट आहे. व्हीपीएनच्या लॉगमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदींमध्ये, लॉगिनचं नाव, वेळ आणि ते कुठल्या बाहेरच्या आयपीवरून आलं, हे तिन्ही असतं. त्या रात्री तुमचा फोन हॉस्टेलच्या वायफायवर होता आणि तेच लॉगिन दुसऱ्या गावातल्या ब्रॉडबँडवरून विद्यापीठात शिरलं होतं, हे आम्हाला दोन ओळी शेजारी ठेवल्या की दिसतं. म्हणजे स्क्रिप्ट तुम्ही लावली नाही हे तुम्हाला ओरडून सांगायची गरज नाही, नोंदीच सांगतील. म्हणून खुलाशात नोंदी तपासायची विनंती जरूर करा.

तशीच दुसरी विनंती : नोंदींचा तुमच्याशी संबंधित उतारा दाखवा. हा उद्धटपणा समजू नका, हा तुमचा हक्क आहे आणि चांगल्या केंद्राला तो आवडतो. प्रकाशकाच्या मेलमधली वेळ बहुतेकदा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. रात्री ९ ची तक्रार म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे अडीच. हा हिशेब उलटा झाला तर भलत्याच मुलाला पत्र जातं. तोच प्रकार घड्याळांचा. फायरवॉलचं (नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकरी यंत्राचं) घड्याळ आणि वायफायच्या सर्व्हरचं घड्याळ यांत दहा मिनिटांचा फरक असेल तर तेवढ्यात एक पत्ता एका फोनकडून दुसऱ्याकडे गेलेला असू शकतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संस्थांना घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितली आहेत, ती उगाच नाही. शिवाय नुसत्या सार्वजनिक पत्त्यावरून माणूस सापडत नाही. त्या पत्त्यामागे त्याच क्षणी शेकडो जण असतात, पोर्ट क्रमांकही, म्हणजे त्यातलं एकेक कनेक्शन ओळखायचा आकडाही, जुळवावा लागतो. तुमच्या बाबतीत लॉगिनच थेट सापडलंय म्हणून काम सोपं आहे. पण ज्यांना 'तुमच्या फोनवरून झालं' एवढंच सांगितलं जातं त्यांनी हे जरूर विचारावं, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) सांगतात.

आता मोह. तुम्ही तो उघड लिहिला नाहीत, पण प्रश्नाच्या शेवटी 'अकाउंट हॅक झालं असं म्हटलं तर चालेल का' याचा वास येतोय. आमच्याकडे येणाऱ्या खुलाशांत हे वाक्य सर्वांत जास्त असतं. ते लिहिलं की काय होतं ते ऐका. अनधिकृत प्रवेश हा नोंदवण्याजोगा सायबर प्रकार आहे. त्याच निर्देशांनुसार तो कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचा असतो. म्हणजे तुमच्या एका वाक्याने विद्यापीठातल्या विद्यापीठात मिटणारं प्रकरण बाहेर जाऊ शकतं. मग आम्ही बघतो की पासवर्ड चोरीला गेला तर कसा, फसवा मेल आला होता का, आधी चुकीचे पासवर्ड टाकून पाहिले गेले का. पहिल्याच झटक्यात बरोबर पासवर्ड टाकून कोणी आत आलं असेल तर 'हॅक' वर विश्वास कोण ठेवणार? आणि खोटं उघडं पडलं की समितीसमोर मूळ चूक मागे पडते, खोटं पुढे येतं.

मित्राचं नाव सांगायचं का, हा याहून अवघड भाग. आमच्या लॉगमध्ये त्याचा आयपी आहे, नाव नाही. तो आयपी कोणाच्या नावावर आहे हे इंटरनेट कंपनी विद्यापीठाला सांगत नाही. ते पोलिसांमार्फतच काढता येतं. तेव्हा तुम्ही 'नाव सांगणार नाही' म्हणालात तर विद्यापीठापुढे दोनच पर्याय उरतात : सगळं तुमच्या माथी मारणं किंवा पोलिसांकडे जाणं. माझा सल्ला असा की आज संध्याकाळीच मित्राला फोन करा आणि त्याला स्वतःहून पत्र लिहायला सांगा. उतरवलेले लेख डिलीट केले, पुढे कोणाला दिले नाहीत, स्क्रिप्ट माझी होती, एवढं पुरे. प्रकाशकालाही शेवटी नेमकं तेवढंच हवं असतं. तो तयार झाला नाही तर मात्र त्याला सांगून मग नाव द्या.

पोलीस केसबद्दल. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ परवानगीवाचून संगणकात शिरणं, माहिती उतरवून घेणं, यंत्रणेत व्यत्यय आणणं अशा गोष्टींसाठी नुकसानभरपाईची तरतूद करतं. त्याच गोष्टी अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केल्या तर कलम ६६ लागतं : ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड तशाच हेतूने वापरणं कलम ६६-क मध्ये येतं, तिथे ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. सगळा भर हेतूवर आहे हे दिसलं असेल. स्वतःचा पासवर्ड मित्राला देणं हे मुळात हमीपत्राचा भंग आहे. त्याला गुन्ह्याचं रूप द्यायचं तर बरंच काही सिद्ध करावं लागेल. मी पाहिलेली अशी प्रकरणं लॉगिन काही काळ बंद, लेखी समज, आणि फार तर वसतिगृहाच्या फाइलमध्ये एक नोंद, इथे संपली. तुमच्या मित्राने तीच पीडीएफ कुठे विकली किंवा टेलिग्रामवर टाकली असेल तर चित्र बदलतं, म्हणून ते आधी त्याला स्पष्ट विचारा.

या विषयावर माझ्या हुद्द्यावरच्या माणसांसाठीही दोन शब्द. अमेरिकी प्रोग्रामर ॲरन स्वार्ट्झचं प्रकरण अनेकांना ठाऊक असेल. २०१० च्या शरदात त्याने अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवरून जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहाचे लेख स्क्रिप्टने उतरवायला सुरुवात केली. पत्ता बंद केला की तो दुसरा घ्यायचा. मध्ये काही दिवस जेस्टोरने एमआयटीचाच ॲक्सेस तोडला होता. शेवटी वायरिंगच्या खोलीत ठेवलेला लॅपटॉप सापडला, आकडा ४८ लाख लेखांच्या घरात गेला होता, आणि जानेवारी २०११ मध्ये त्याला अटक झाली. जेस्टोरने त्याच्याशी समझोता करून विषय सोडला. सरकारी वकिलांनी सोडला नाही, एमआयटी तटस्थ राहिली, आणि जानेवारी २०१३ मध्ये खटला उभा राहण्याआधीच त्याचा दुःखद अंत झाला. तुमचं प्रकरण त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, घाबरवायला हे सांगत नाहीये. माझं म्हणणं संस्थांना आहे : एकदा तक्रार पोलिसांकडे गेली की तिची लगाम तुमच्या हातात राहत नाही. विद्यार्थ्याच्या बाबतीत ती शेवटची पायरी असावी, पहिली नव्हे. आमच्याकडे कोणी चिडून 'एफआयआर करा' म्हणालं की मी विचारतो, प्रकाशकाने मागितलीय का? बहुधा नसते मागितलेली.

'काय काय बघतात' याचं उत्तर तुम्ही कुठे बसलाय त्यावर आहे. स्वतःच्या फोनवर, विद्यापीठाच्या वायफायने : आम्हाला दिसतं तुमचं लॉगिन, वेळ, कुठल्या साइटच्या नावाकडे गेलात आणि किती डेटा आला-गेला. साइट https असेल, आणि आता जवळजवळ सगळ्या असतात, तर आतलं पान, तुम्ही टाकलेला मजकूर, बँकेचा पासवर्ड, व्हॉट्सॲपचे निरोप यातलं काही दिसत नाही. अपवाद एकच. तुमच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर संस्थेचं प्रमाणपत्र बसवायला सांगितलं असेल तर फायरवॉलला मधे उघडून बघता येतं. असं काही बसवायला सांगितलं तर का, असं लेखी विचारा. लॅबमधलं मशीन मात्र विद्यापीठाचं, तिथे तुमचं खासगी असं काही धरू नका. लॅब असिस्टंटला तुमची स्क्रीन त्याच्या जागेवरून दिसत असण्याची पुरेपूर शक्यता आहे. विद्यापीठाचा मेल उघडणं तांत्रिकदृष्ट्या आम्हाला शक्य असतं. प्रश्न परवानगीचा. 'त्या मुलाचा मेल जरा बघून सांगा' असं म्हणत केबिनमध्ये येणारे वरिष्ठ मी पाहिलेत. मी एवढंच म्हणतो, कुलसचिवांच्या सहीचं पत्र आणा. बहुतेक वेळा पत्र येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टास्वामी निकालात खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, त्यात कायद्याचा आधार, वाजवी हेतू आणि गरजेपुरताच हस्तक्षेप अशी कसोटी आहे. सरकारी विद्यापीठाच्या सर्व्हर रूमलाही ती लागू पडते, असं मी धरून चालतो.

हे लॉग किती दिवस राहतात? सर्ट-इनच्या निर्देशांप्रमाणे १८० दिवस. म्हणजे 'विसरून जातील' यावर विसंबू नका, आणि चार वर्षांपूर्वी तुम्ही काय पाहिलं याची चिंताही करू नका.

व्हीपीएन. भारतात ते वापरणं गुन्हा नाही. २०२२ च्या निर्देशांनी व्हीपीएन कंपन्यांवर ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायची सक्ती केली, तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएनसारख्यांनी भारतातले सर्व्हर हलवले, पण बंदी अशी आली नाही. तरी विद्यापीठाचं धोरण बाहेरचे व्हीपीएन मना करू शकतं, आणि कारण तेच जुनं : उद्या त्या नेटवर्कवरून कोणी धमकीचा मेल पाठवला तर कोण होतं हे सांगता आलं पाहिजे. माझं वैयक्तिक मत थोडं सैल आहे. पत्रकारिता किंवा सायबर सुरक्षेच्या विभागात व्हीपीएनची खरी गरज असते, त्यांना परवानगी देऊन वेगळं नेटवर्क द्यावं. सरसकट बंदीने फक्त फुकटचे, डेटा विकणारे व्हीपीएन हॉस्टेलमध्ये लोकप्रिय होतात. तुमच्या घरी, तुमच्या नेटवर तुम्ही काय वापरता याच्याशी विद्यापीठाचा संबंध नाही.

मग 'मलाच का?' सरळ उत्तर : बाहेरून तक्रार आली म्हणून. आतून आम्ही सगळ्यांना शोधत बसत नाही, माणसं तेवढी नसतात. रात्री दहानंतर टॉरेंट (वापरकर्ते एकमेकांकडून फाइल घेतात-देतात ती पद्धत) चालतात हे आम्हाला ठाऊक असतं. बरीच केंद्रं वेग कमी करून विषय मिटवतात. पण सिनेमाच्या टॉरेंटमध्ये तुम्ही उतरवत असताना इतरांना पुरवतही असता, आणि त्या यादीत विद्यापीठाचा पत्ता जगाला दिसतो. तक्रार आली की नोंदी काढाव्याच लागतात. मला विचाराल तर हॉस्टेलमध्ये टॉरेंटपेक्षा त्रासदायक गोष्ट म्हणजे घरून आणलेला राउटर. मुलगा तो खोलीतल्या लॅन पॉइंटला जोडतो, वायर वॅनऐवजी (बाहेरून नेट आत घेण्याच्या भोकाऐवजी) लॅनच्या (आतल्या उपकरणांच्या) भोकात घालतो, आणि राउटर अख्ख्या मजल्याला स्वतःचे पत्ते वाटू लागतो. निम्म्या मुलांचं नेट जातं, रेक्टर आम्हाला फोन करतात, आम्ही स्विचवर (वायरी जोडणाऱ्या यंत्रावर) त्याच्या वायरची खाच शोधत बसतो. त्या मुलाने काहीच वाईट मनात आणलेलं नसतं. त्याला फक्त बाथरूमच्या कोपऱ्यात रेंज हवी असते. 'स्वतःचे राउटर लावू नयेत' हा नियम खडूस वाटतो तो यासाठी आहे.

तसंच मेलचं. 'तुमचा मेलबॉक्स भरला आहे, इथे पासवर्ड टाका' या फसव्या मेलला एकजण जरी बळी पडला तरी त्याच्या खात्यातून रातोरात हजारो स्पॅम जातात, विद्यापीठाचं मेल डोमेन काळ्या यादीत पडतं आणि मग प्रवेशाची पत्रंसुद्धा लोकांच्या स्पॅममध्ये पोहोचतात. पासवर्डची एवढी आरडाओरड आम्ही का करतो ते यातून कळावं. तुम्ही मित्राला दिलेला पासवर्ड मेललाही तोच असेल, बहुतेक ठिकाणी असतोच, तर तुम्ही त्याला फक्त ग्रंथालय दिलेलं नाही. तुमचा मेल, निकालाचं पोर्टल, परीक्षेचा अर्ज सगळं दिलंत. तुमचा त्याच्यावर विश्वास असेल. त्याच्या लॅपटॉपवर टाकलेल्या क्रॅक सॉफ्टवेअरवरही आहे का?

नियम मोघम आहेत, या तुमच्या तक्रारीशी मात्र मी सहमत आहे. 'आक्षेपार्ह', 'अयोग्य', 'संस्थेच्या प्रतिमेला बाधक' असे शब्द धोरणात घालून ठेवले की कोणालाही कशासाठीही पकडता येतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात याच कारणासाठी रद्द केलं, शब्द इतके सैल होते की निष्पाप बोलणंही त्यात अडकावं. तरी मी पाहिलेल्या काही हमीपत्रांत ते कलम अजून छापलेलं आहे. तुमच्यात सापडलं तर हसू आवरून, सभ्य शब्दांत ते निदर्शनाला आणा, पण वेगळ्या पत्राने. खुलाशात नको, तिथे ते मुद्दा भरकटवल्यासारखं दिसेल.

शिक्षा म्हणून वर्षभर नेटच तोडलं, असं कोणी ठरवलं तर? लॉगिन हा हक्क नाही हे खरं. पण केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये, वसतिगृहात संध्याकाळी फोन जप्त करण्याच्या नियमाला नकार दिला म्हणून काढलेल्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात, इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं आणि तिला परत घ्यायला लावलं. परीक्षेचे अर्ज, निकाल, ग्रंथालय सगळं ऑनलाइन असताना नेट पूर्ण तोडणं म्हणजे अर्धवट निलंबनच. अशी शिक्षा झाली तर निदान लॅबमधून, ठरलेल्या वेळी वापर मिळावा अशी लेखी मागणी करा. मी समितीत असतो तेव्हा हा पर्याय स्वतःहून सुचवतो, आणि तो सहसा मान्य होतो.

आता खुलासा. एक पान पुरे, मराठीत चालतो, विशेषणं नकोत. साधारण असा :

"आपल्या पत्रातील तारखेस माझे लॉगिन माझ्या ओळखीच्या व्यक्तीने माझ्या संमतीने वापरले. लॉगिन दुसऱ्यास देऊ नये हे हमीपत्रात असूनही मी ते दिले, ही माझी चूक आहे. लेख स्क्रिप्टद्वारे उतरवले जाणार आहेत याची मला कल्पना नव्हती. सदर वेळी मी वसतिगृहात होतो. व्हीपीएन व वायफायच्या नोंदी पडताळून पाहाव्यात व संबंधित उतारा मला द्यावा. त्या व्यक्तीने लेख नष्ट केल्याचे पत्र सोबत जोडत आहे. माझा प्रकल्प चालू असल्याने ग्रंथालयातील संगणकावर तात्पुरता प्रवेश मिळावा, ही विनंती."

'कल्पना नव्हती' हे खरं असेल तरच लिहा. त्याने व्हॉट्सॲपवर तुम्हाला 'रात्री स्क्रिप्ट लावतो' असं कळवलं असेल तर ते वाक्य गाळा. खोलीतले सगळे लॉगिन देतात, अमक्यानेही दिलं होतं, हे लिहू नका. गाइडना पत्र मिळाल्याचं आजच सांगा. समितीसमोर त्यांचा एक शब्द तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त चालतो, आणि त्यांना तिसऱ्याकडून कळलं तर तोही शब्द जातो.

लॉगिन गोठवलेलं असलं तरी तोच पासवर्ड जिथे जिथे वापरलाय तिथे आज बदला. खुलाशाच्या दोन प्रती काढा, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तीन दिवसांत शनिवार-रविवार येत असेल तर शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीआधीच जा, नंतर त्या खिडकीवर कोणी सापडत नाही.